सिंकपुढची चीर

सास्तूर
१४ डिसेंबर २०२४

चि. सिद्धाराम यास,
चन्नम्मा आत्याचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या वडिलांचा गुडघा कसा आहे? कल्याणप्पादादाला म्हणावं, गोळ्या संपल्या म्हणून दुखणं संपत नाही, पुन्हा डॉक्टरकडे जा. येळवशीची अमावस्या पंधरा दिवसांवर आली. वहिनींनी यंदा शेंगाच्या पोळ्या पाठवल्या नाहीत. का, ते मी विचारत नाही.

फोन असताना म्हातारी पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. तीनदा फोन केला मी. तिन्ही वेळा मी तोंड उघडलं की तू ‘ऱ्हाऊ द्या आत्या, दगड बदलून देतो’ म्हणालास आणि फोन ठेवलास. अंगणवाडीत तीस वर्षं काढली, पण इतकं न ऐकणारं पोर पाहिलं नाही. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून हा कागद.

तर तू आमच्या स्वयंपाकघरात बसवलेल्या ओट्याबद्दल. तुझ्या कामात दोष आहेत, उगाच कशाला नाही म्हणू? शेगडीपाशी ढाळ उलटा झालाय, चमचाभर पाणी तिथं साचून राहतं. कोपऱ्यातला जोड नखाला लागतो. खिडकीखाली तळहाताएवढ्या जागेवर पॉलिश बसलेलं नाही, सूनबाई अक्षदा तिथं चहा-साखरेचे डबे ठेवते. स्वतःच्या नावावर घेतलेलं तुझं पहिलंच काम, एवढं चालायचंच. पहिलीच भाकरी गोल कुणाची येते? तुझ्या आईची आली नव्हती, मी पाहिली आहे.

यांबद्दल मी तुला हवं तितकं बोलेन. सिंकपुढच्या चिरेबद्दल मात्र मला तोंड नाही.

तू काम संपवून निघालास तेव्हा मला मुद्दाम आत बोलावलंस. “आत्या, सिंकाच्या म्होरची ही पट्टी चारच बोटं रुंद हाय. हितं कायबी आपटू नका.” मी हो म्हणाले. मी सगळ्यांना हो म्हणते.

दुसऱ्या दिवशी अक्षदाच्या माहेरची माणसं जेवायला होती. पंगत बसली आणि ओट्याखालच्या कप्प्यात पाणी ठिबकायला लागलं. अक्षदानं वाकून पाहिलं तर दगडाला आरपार चीर. माझ्या शिवराजनं सगळ्यांसमोर तुला फोन लावला, तोही स्पीकरवर. “आपलं माणूस म्हणून काम दिलं, आन् असला चिरका दगड आमच्याच गळ्यात मारलास व्हय?” घरभर ऐकू गेलं. मी पोळ्या वाढत होते. वाढत राहिले.

दीड तासात तू मोटारसायकलवर जळकोटहून आलास. चिरेवरून नख फिरवलंस. नारळाच्या शेंडीचा एक केस, हळदीनं पिवळा झालेला, त्या चिरेत अडकला होता. तू तो ओढून काढलास, खिशात घातलास आणि माझ्याकडं पाहिलंस. मग शिवराजला म्हणालास, “माझंच चुकलं दादा. कापताना ताण बसला असंल.”

आता लिहिते. त्या दिवशी सकाळी अक्षदा अंघोळीला गेली होती. नव्या ओट्याची पूजा आपल्या हातून व्हावी, असं मला फार वाटत होतं. हळदकुंकू वाहिलं. जुन्या घरात चुलीपुढच्या दगडावर नारळ फोडायचो, इथंही दगडच आहे, असं मनात आलं आणि नेमका त्या पट्टीवर नारळ आपटला. फुटेना म्हणून पुन्हा आपटला, जोर लावून. त्या वेळी आवाज दोन आले. नारळाचं पाणी पुसलं तरी एक रेघ ओलीच राहिली. तिच्यावर फडकं टाकलं आणि देवाला खोबरं ठेवलं.

लगेच का सांगितलं नाही? आदल्या दिवशी मीच अक्षदाला दोनदा बजावलं होतं, “ओट्याला जप बाई, नवा हाय.” तिच्या माहेरच्यांसमोर कोणत्या तोंडानं सांगणार होते? एवढंच कारण. याहून मोठं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पण तू का गप्प बसलास रे गाढवा? आत्याची अब्रू झाकलीस, ते कळलं मला. दुसऱ्याच्या पोराचं नाव घालवून झाकलेली अब्रू मला नको. हरिबा गुरुजींनी तुला सांगितलेलं त्यांच्या ओट्याचं काम काढून घेतलं. देवळात सांगत होते, “पोराचा हात अजून कच्चा हाय.” मी शेजारीच उभी होते. घंटा वाजवली आणि घरी आले. आणि काल जळकोटहून आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं, तू येळवशीआधी आमचा दगड बदलून देणार, मग कटर विकून पुण्याला वॉचमनच्या नोकरीवर जाणार. माझ्यामुळं तू हातातलं काम सोडून कुणाच्या तरी फाटकाशी उभा राहणार, हे मला सहन होत नाही.

दगड आणू नकोस. कटर विकू नकोस. ये, ती चीर भरून दे आणि तो ढाळ नीट कर. ढाळ तुझाच चुकला आहे, तिथं माझ्यावर ढकलू नकोस.

हे पत्र शिवराज घेऊन येईल. पाकीट चिकटवलेलं नाही. ‘आधी तू वाच, मग सिद्धारामला दे,’ असं त्याला सांगणार आहे. तो काय म्हणेल ठाऊक नाही. एकाहत्तराव्या वर्षी पोटच्या पोराच्या तोंडाकडं पाहायची भीती वाटते आहे. पण चारचौघांत तुला बोलला तोच, तेव्हा तुझ्या दारात येऊन उभं राहायचंही त्यानंच.

वाचून झालं की घडी करून ठेवू नकोस. हरिबा गुरुजींना दाखव, ज्याला ज्याला दाखवावं वाटेल त्याला दाखव. मी तोंडानंही सांगणार आहेच, पण आत्या भाच्याची बाजू घेते म्हणून लोक हसतील. लिहून दिलेल्याला तसं हसता येत नाही. म्हणून खाली नुसतं ‘तुझी आत्या’ असं लिहीत नाही.

सिद्धारामनं नीट बसवलेला दगड स्वतःच्या हातानं चिरणारी,
चन्नम्मा बलभीम बिराजदार
निवृत्त अंगणवाडी सेविका, मु. पो. सास्तूर