मोतुलोआ बेटावरचे बारा लॅपटॉप

३ फेब्रुवारी, सोमवार
बोट आली. बारा लॅपटॉप उतरले. एक खोकं पाण्यात पडता पडता केलेपीने झेललं. केलेपी आमच्या गावचा कारभारी. आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगी पडला.
शाळेचा पट एकतीस. पंधराच्या खाली गेला तर शाळा बंद, असं खात्याचं पत्र गेल्या वर्षीच आलंय. जाईल कसा? लोक मुलांच्या शिक्षणासाठी बेट सोडतात. आता राजधानीतलं शिक्षण इथेच. मी, हेडमास्तर फिलिमोने, वय सत्तावन्न, हे बेट रिकामं होऊ देणार नाही.
उद्यापासून स्वतः टायपिंग शिकणे.

१० फेब्रुवारी
लॅपटॉप कपाटात. आधी थिअरी. फळ्यावर कीबोर्ड काढायला घेतला, तर अक्षरं सरळ ओळीने नाहीतच. कुणी मांडली देव जाणे. मुलांना सांगितलं, यामागे खोल शास्त्र आहे. पाचवीतली लोसालिन म्हणाली, "कुठलं शास्त्र, सर?"
सांगितलं, ते सहावीला आहे.

२४ फेब्रुवारी
मोठं यश! कीबोर्ड पाठ होईना म्हणून चाल लावून दिली. आता मुलं अख्खा कीबोर्ड चार सुरांत गातात. सहावीची पोरं खर्जात. स्पेसबारला सगळे एकदम. पाद्रीबुवा रस्त्यात थांबून ऐकत होते. म्हणाले, "फिलिमोने, अंगावर काटा आला रे. कुठल्या अध्यायातलं हे?"
राजधानीत आहे कुठे असलं काही?
टायपिंग राहिलं. गाणं बसवण्यात वेळ गेला.

५ मार्च
लॅपटॉप उघडले. सोलरवर एका वेळी तीन चालतात, ढग आला की दोन. एकाच्या आत मुंग्या. एकतीस मुलांत तीन म्हणजे कमी नव्हेत. सहकार्याची भावना वाढते.
पंधरा मिनिटांत लोसालिनने बोटीचं चित्र काढून खाली नाव टाकलं. मी माझं नाव एका बोटाने लिहिलं. एका बोटाने अचूकता येते. सगळं कॅपिटलमध्ये आलं. लोसालिन कानाशी येऊन म्हणाली, "सर, डावीकडचं बटण चुकून दाबलं गेलंय." अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशी. गुणी पोर. तिला डिजिटल मॉनिटर नेमलं.

१४ एप्रिल
छपरावर डिश बसली. इंटरनेट आलं. माझी बायको लुपे पहिली-दुसरीला शिकवते. म्हणाली, "आता तरी मेल करायला शिक, फिली." मी म्हटलं, मी व्यवस्थापन बघतो. तर म्हणाली, "कशाचं?"
बायकांना दूरदृष्टी नसते.

२८ एप्रिल
नवा गृहपाठ दिला होता. घरच्यांसाठी एक खराखुरा अर्ज ऑनलाइन भरायचा. शिक्षण आयुष्याला जोडलं पाहिजे, हे माझं जुनं मत. लोसालिनने न्यूझीलंडला कायमचं राहायला जायच्या सोडतीचा अर्ज शोधून काढला. आधी अर्ज भरायला राजधानीत जावं लागे, बोटीने दोन दिवस, म्हणून आजवर कुणी त्या भानगडीत पडत नसे. आज शाळेच्या पडवीत आईबापांची रांग. एक पोर नावं विचारतंय, एक टाइप करतंय, लोसालिन तपासतेय. केलेपी माझा हात सोडीचना.
लुपे म्हणाली, "फिली, कसले अर्ज भरतायत ते वाचलंस का?"
मी म्हटलं, मजकुराला महत्त्व नाही, कौशल्याला आहे.
चौदा अर्ज. एक चूक नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

१७ जुलै
सोडत लागली. मोतुलोआची सहा घरं. केलेपीचंही. शाळेच्या आवारात डुकरं भाजली, सगळं गाव जेवलं. मला भाषण करायला उभं केलं. "या मुलांच्या बोटांत या बेटाचं भविष्य आहे," असं म्हणालो आणि मध्येच अडकलो. कुणाच्या लक्षात आलं नसावं. टाळ्या जोरात पडल्या.
लुपेने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचे हात खरकटे होते.

१ सप्टेंबर
पट एकोणीस. तात्पुरती घट आहे. सोडत लागलेले जाऊ लागलेत. राजधानीतलेही बरेच गेले, त्यांची घरं मोकळी पडली, म्हणून आपली आणखी दोन कुटुंबं तिकडे राहायला गेली. परत येतील. तिकडे पाणी चांगलं नाही.

१९ सप्टेंबर
पट तेरा. खात्याला मेल लिहिला. चार दिवस लागले, पण भाषा भारदस्त झाली. 'आमच्या शाळेत दर विद्यार्थ्यामागे जवळपास एक लॅपटॉप असून हे प्रमाण जगात कुठेही नसावे.' लुपेने वाचलं. म्हणाली, "हे पाठवू नकोस."
पाठवलं. तासाभरात उत्तर. अभिनंदन केलंय. शाळा वर्षअखेर बंद. लॅपटॉप परत पाठवावेत.

६ ऑक्टोबर
लोसालिन गेली. धक्क्यावर मला म्हणाली, "सर, मी अर्ज भरला नसता तर आम्ही इथेच राहिलो असतो ना?"
मी म्हटलं, सोडत नशिबाने लागते, तुझा काय संबंध.
"आजी येत नाहीये. म्हणते, तूच केलंस हे सगळं."
म्हटलं, गृहपाठ मी दिला होता. आजीला मी सांगेन. तर रडायलाच लागली. बोट लांब गेली तरी उभा होतो. ऊन फार होतं.
आजीकडे गेलो नाही. उद्या जाईन.

२६ नोव्हेंबर, बुधवार
शाळेत आता सात मुलं. आज ती वडीलधाऱ्यांबरोबर धक्क्यावर गेली होती, बोटीत सामान चढवायला. लॅपटॉपही उद्याच्या बोटीने जाणार. अकरा खोक्यांत घातले. बारावा पुसायला घेतला, तर तो वाजू लागला. पडद्यावर लोसालिन. ऑकलंडमधली तिची शाळा, मागे वीसेक मुलं.
"हे माझे सर," ती त्यांना सांगत होती. "यांनी मला कॉम्प्युटर शिकवला."
मी बोलायला लागलो. तिला ऐकू जाईना. म्हणाली, "सर, खाली माइकचं चित्र आहे, त्यावर दाबा. नाही, ते नाही. त्याच्या शेजारचं." मी दाबलं. पडद्याचा रंग बदलला. मागची मुलं हसली. ती त्यांच्यावर ओरडली. मग मला पुन्हा सगळं सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून. जमलं नाही.
तरी मी बोललो. शाळा परवा बंद होतेय म्हणालो. आजीकडे गेलो होतो, तिने दार उघडलं नाही म्हणालो. यात तुझा काही दोष नाही, असं दोनदा म्हणालो. ती माझ्या ओठांकडे बघत होती.
"काही कळत नाहीये, सर. जाऊ दे. मुलं कुठेत? मुलांना दाखवा ना!"
मी लॅपटॉप उचलला. बाकांवरून न फिरवता सरळ खिडकीपाशी नेला आणि समुद्र दाखवला.
"खेळायला गेलीत वाटतं," ती म्हणाली.
मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि हो म्हणून मान हलवली. तेवढं तिला दिसलं.