वृत्तात न मावलेला अर्धा हात

नागपूर, ता. १२ फेब्रुवारी १९३९

भिवापूरनिवासी व्याही रा. रा. गोपाळराव यांसी इतवारीच्या नत्थूजी विणकराचा हात जोडून रामराम. आपला गुडघा आता वळत असेल, अंगणात मिरच्या वाळत असतील आणि विहीणबाई रुख्माबाईंचा राग (जो मिरच्यांच्या आधी वाळायला हवा होता) थोडातरी उतरला असेल, अशी आशा करतो. आपला नातू बरा आहे. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं आपण शांतपणे वाचाल.

सव्वा महिन्याचं ते लेकरू दूध प्यायचं आणि पिऊन होताच ओकायचं. आमची घरवाली रंभाबाई म्हणाली, "लेकरं दूध टाकूनच राहतात, त्यात काय नवाई जी? काहून घाबरून राहिले?" ती सात बाळंतपणांची धनीण, मी पुन्हा मागावर बसलो. पण हे टाकणं नव्हतं, फेकणं होतं. एकदा धार सुटली ती पाळण्यातून थेट माझ्या हातमागावर, नव्या लुगड्याच्या काठावर. आणि ओकून झालं की पोरगं पुन्हा भुकेलं, मुठी चोखत. (खरं सांगतो, मला आधी शाळेतली कारंज्याची कविता आठवली. माझं हे असंच.) इतक्यात तिकडून विहीणबाईंचा निरोप आला की सुनेचं दूधच नासकं, ते सुधारल्याशिवाय तिला पाठवू नका. आमच्या अनुसयेनं जेवण सोडलं. लेकराच्या फासळ्या दिसू लागल्या. तेव्हा माझं कारंजं आटलं.

मनोहरराव डॉक्टरांकडे धावलो. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसासमोर ओकारीसारखा शब्द तोंडातून निघेना, म्हणून भुजंगप्रयातात सांगितलं:

उडे बाळओठांतुनी क्षीरधारा,
भिजे दोन हातांवरी काठ सारा!

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "नत्थूजी, ही अतिशयोक्ती की स्वभावोक्ती? फुगवून की जसंच्या तसं?" (चौथीचे मास्तर गेल्यापासून मला अलंकार विचारणारं कोणी भेटलं नव्हतं, डोळे भरून आले.) मी म्हटलं, "दोन्ही नाही जी. धार अडीच हात गेली होती. अर्धा हात वृत्तात मावेना, म्हणून कापला."

ते तसेच उठून घरी आले. पाळण्यापासून काठावरच्या डागापर्यंत अंतर मोजलं, ओकारीत पिवळेपणा नाही ना ते विचारलं, पोट चाचपलं; बोराएवढी गाठ हाताला लागली. जठराच्या खालच्या दाराचा स्नायू जाड झालेला. दुधाला पुढे वाट नाही, मग ते आल्या वाटेनं जोरानं परत! डॉक्टर म्हणाले, आईच्या दुधाचा दोष नाही, भिवापूरच्या मिरच्यांचाही नाही. (हा दुसरा संशय आमच्या घरचा, माफी असावी.) मोठ्या दवाखान्यात तो स्नायू चिरून दार मोकळं केलं. आज पाचवा दिवस. पोरगं चमच्याचमच्यानं दूध घेतं आणि पोटात ठेवतं. काल अनुसया दोन भाकरी जेवली.

थोरांस नमस्कार, वाळत्या मिरच्यांस दुरून आशीर्वाद.

आपला
नत्थूजी

ता. क. हे पत्र विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवावं. 'आईच्या दुधाचा दोष नाही' ही ओळ दोनदा. आणि लांबलेलं बारसं झाल्यावर लेकीला न्यायला जावईबापू केशवराव स्वतः यावेत, नुसता निरोप नको. एवढ्यासाठीच हे सारं लिहिलं.

ता. क. दुसरा. ते लुगडं बारशाला विहीणबाईंनाच द्यायचं म्हणून विणतो आहे. काठ कापलेला नाही. त्यावर पांढुरका डाग दिसला तर धुवू नये. ती स्वभावोक्ती आहे, पुऱ्या अडीच हातांची.