भोंगा झाल्यावर

दौंड, मंगळवार

प्रिय सारिका,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. डाव्या हाताची जखम भरत आलीय. दोन बोटं गेली तिथं अजून ठणकतं, एवढंच. दादा म्हणतो, शिरूरची खोली सोड, आता इथंच राहा. मी अजून काही ठरवलं नाही.

कंपनीत नवी होते तेव्हा प्रेस मशीनची मला भीती वाटायची. तुमची शिफ्ट संपल्याचा भोंगा झाला की सगळ्या बससाठी पळायच्या, तू मात्र तुझ्याच मशीनवर पुढच्या शिफ्टला येणाऱ्या माझी वाट बघत थांबायचीस. "आज मशीन रुसलंय गं, जपून," असं सांगूनच हलायचीस. बस चुकली तर कुणाच्या तरी टेम्पोतून घर गाठायचीस. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचं कौतुकही कुणी केलं नाही.

मग परमनंटची यादी लागली. तू शिकवलेल्या मुलींची नावं होती, तुझं नव्हतं. तू रडली नाहीस. "त्यांना आपण नको, तर आपल्याला तरी त्यांचं काय पडलंय? भोंगा झाला की मी सुटले," म्हणालीस. मला ते पटलं होतं. पण भोंग्यानंतर त्या मशीनवर कंपनी नाही, मी बसते, हे रागात तुझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी तुझ्या शिफ्टमध्येच प्रेस एकदा दाबला तरी आपोआप दुसरा ठोका मारत होता. तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या नकुशीनं पाहिलं होतं, तिनं मला नंतर सांगितलं. तू पर्स घेऊन माझ्या शेजारून गेलीस. हसलीससुद्धा. थोड्या वेळानं तोच दुसरा ठोका माझ्या हातावर पडला.

चौकशीत मी म्हणाले, "सारिकानं सांगितलं होतं, मीच विसरले." तुझं काम राहावं म्हणून. कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईला काढायला किती वेळ लागतो?

काल तुझी आई शिरूरहून एसटीनं मला बघायला आली होती. मेथी निवडून आणली होती. माझ्या डोक्यावरून हात फिरवत काकू म्हणाल्या, "आमच्या सारिकीनं बजावलं हुतं नव्हं तुला? मंग ऐकायचं न्हाई व्हय, बाय?" मी नुसती मान हलवली. त्या गेल्यावर खूप रडले. बोटं गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.

साहेबांपुढचं खोटं माझं होतं, ते मी निभावेन. तू ते घरी का नेलंस? चारचौघांत मला वेंधळी म्हण, चालेल. पण एकदा इकडं ये. माफी मागू नकोस. मी फक्त विचारेन, तू मला सांगितलं होतंस का? तेव्हा 'नाही' म्हण. तेवढं ऐकायचंय, म्हणून हे पत्र.

अजूनही तुझीच,
मोनाली