डाव्या बाजूचा स्पंज

अक्का, आज तुझ्याशी भांडायचं आहे. तू माझी आई, पण चिकपेठेच्या आपल्या गल्लीत लहानथोर सगळे तुला अक्का म्हणत, म्हणून आम्ही मुलांनीही तेच उचललं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता कसलं भांडण, असं कुणीही म्हणेल. म्हणू देत.

माझ्या छातीची डावी बाजू वाढलीच नाही, हे तुझ्याच आधी लक्षात आलं. उजवी भरली, इतकी की ओघळायला लागली, आणि डावी लहान पोरीचीच राहिली. तू हाय खाल्ली नाहीस, देवाला नवस बोलली नाहीस. माझ्या झंपराला आतून खिसा शिवलास, त्यात पिंजलेला कापूस भरलास आणि म्हणालीस, "घामानं गोळा होतो. अधूनमधून बदलत जा." बस्स, एवढंच. तो खिसा घालून मी शाळा संपवली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले. तोवर वडील, आपले अण्णा, गेले होते, दोघे भाऊ शाळेत होते, आणि घर माझ्याच पगारावर चाललं होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. माझ्या शेजारी बसणारीनं कानात सांगितलं की कॅन्टोन्मेंटात विलायतेहून आलेले एक सर्जन आहेत, ते असलं व्यंग शस्त्रक्रियेनं नीट करतात. तुझ्या मागे लागून लागून मी तुला बसनं तिकडे नेलं. डॉक्टर सभ्य होते, कन्नडमध्ये सावकाश बोलत होते. त्यांनी टेबलावर पांढऱ्या स्पंजाचा एक तुकडा ठेवला. डावीकडे हा आत बसवायचा, उजवी थोडी कापून वर उचलायची, म्हणजे दोन्ही सारख्या दिसतील. मी त्या स्पंजाकडे बघत मनातल्या मनात मांडे खातेय, आणि तू तो उचलून नखानं दाबून बघतेयस, जशी बाजारात वांगी बघायचीस.

"आत गेल्यावर हा किती वर्षं असाच राहतो?"

"अम्मा, पद्धत नवी आहे. आतापर्यंत तरी तक्रार नाही."

"आणि उद्या हिला मूल झालं तर? पाजता येईल?"

"डावीकडून नाहीच. उजवीकडून... कापल्यावर सांगता येत नाही."

"स्वल्प, थोडं तरी सांगा."

"खरंच सांगता येत नाही, अम्मा."

"सरी, बरं," म्हणालीस, स्पंज खाली ठेवलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ऊठ."

बसमध्ये मी रडले. "अगं, एक चांगली आहे ना? तिलाच सुरी लावायची?" असं तू म्हणालीस. मी म्हटलं, मग माझं लग्न कसं होणार? तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "होईल तेव्हा होईल." होईल तेव्हा होईल! ते वाक्य माझ्या मनात जे शिरलं ते शिरलंच. त्या दिवसापासून मी तुझ्यावर पाळत ठेवली म्हण ना. कुठलं स्थळ आलं की तू पत्रिकेत खोट काढतेस, मुलगा फार लांबचा म्हणतेस, आणि माझ्या पगाराच्या दिवशी मात्र हसून दार उघडतेस. हिला मी हवी आहे की माझा पगार, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

मग तुमकूरचे लोक आले. मुलगा शाळेत मास्तर, शांत, माझ्याकडे चोरून बघणारा. त्याच्या आईला मी आवडले. तिनं केसरीबाताचा गोड शिरा दोनदा मागून घेतला. मी सकाळीच नवा कापूस भरला होता आणि पदर नीट पिन केला होता. सगळं सुरळीत चाललेलं, आणि तू त्या बाईंना म्हणालीस, "जरा आत येता?" मी दाराआड उभी. तू स्पष्ट शब्दांत सांगतेयस, "मुलीला डावीकडे काही नाही. कापूस आहे तो. आत्ताच सांगते, मागाहून फसवलं म्हणू नका." ते लोक गेले ते गेलेच, होकार नाही की नकार नाही.

मी तुझ्यासमोर उभी राहिले. "शस्त्रक्रिया करू दिली नाहीस, आणि आता माझी लाज वेशीवर टांगतेस? माझा पगार पाहिजे ना तुला? म्हण की तसं!" तू उष्टी भांडी घेऊन मोरीत गेलीस. तिथून पुढे आपण एका घरात राहिलो, जेवलो, पण मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. लग्न काही झालं नाही.

तुझ्या शेवटच्या आजारात तू अंघोळीला कुणाला हात लावू देत नव्हतीस. एका सकाळी तुझ्यात ताकदच उरली नाही, म्हणून मी तुझ्या झंपराचे हूक काढले. आत खिसा होता. खिशात कापूस. तुझी डावी बाजू माझ्यासारखीच सपाट. आम्हा तिघांना तू एकाच बाजूनं वाढवलंस. आजी तुला चारचौघांत "फसवून आलेली" म्हणायची, आणि आम्हाला वाटायचं, हुंड्याचं काहीतरी राहिलं असेल. तुमकूरच्या बाईंना तू काय सांगत होतीस आणि का, ते मला त्या मोरीत ओणवी असताना कळलं.

मला तुझी दया यायला हवी होती. आला तो राग. इतकी वर्षं आपण दोघी दाराला कडी लावून तेच करत होतो, आणि तू मला पगाराचा आरोप करू दिलास, पण तोंडातून एक शब्द काढला नाहीस! मी तुला पुसलं, कोरडा कापूस भरला, हूक लावले. तू माझ्याकडे टक लावून बघत होतीस. मी काही बोलले असते, तर तुझी माफी मागावी लागली असती, म्हणून गप्प राहिले. आज एवढं सगळं लिहिलं, पण अक्का, अजूनही ती माफी माझ्याच्यानं मागवत नाही.