स्तामेनाच्या हातचं

प्रिय मिलुंकाताई,

तू धाडलेलं खारवलेल्या सायीचं मडकं आणि धुरावलेलं मांस चाचाक गावाहून येणाऱ्या बसवाल्याने काल फाटकाशी उतरवलं. म्हणाला, "बहिणीचं प्रेम फार जड बुवा, माझी कंबर गेली." सगळं पोहोचलं आणि मी मजेत आहे. तुला खोटं वाटेल, पण खरंच मजेत आहे. आलुबुखारांना बहर आलाय. दुपारी स्तामेना मला खुर्चीसकट उचलून झाडांखाली नेऊन ठेवते. खांद्यावरून ओंडके वाहणारा तुझा भाऊ आता बायकोला झेपतो. कमरेला नातवाचा पट्टा आहे, तोही सैल होतो. आम्हा दोघांनाही याचं हसू येतं.

हे हसू मधे पार आटलं होतं. हिवाळ्यात कुलसंताच्या सणाला तू आलीस, दारातच मला बघितलंस आणि अंगातला कोटही न उतरवता पिशवीतलं भाजलेलं डुक्कर माझ्या ताटात वाढलंस. मांस वर्ज्य असलेलं उपवासाचं टेबल, त्यावर नुसते मासे आणि घेवडा, समोर पाद्री. ते बिचारे छताकडे बघत बसले. आजाऱ्याला उपवास माफ असतो, मान्य. पण तू सगळ्या पाहुण्यांदेखत स्तामेनाला म्हणालीस, "अगं, याला जेवू घालतेस की नुसता वास देतेस? बैलासारखा भाऊ दिला होता तुला, काडी करून ठेवलास!" स्तामेना ताट उचलून आत गेली. तेव्हापासून तुम्हा नणंद-भावजयीत शब्द नाही.

तुझं बोलणं तिने फार मनाला लावून घेतलं, ताई. दिवस उजाडला की कोंबडीचं सूप, मग चीजची पोळी, मग परत सूप. "वितोमिर, माझ्यासाठी एक घास." मी डोळे मिटून गिळायचो आणि थोड्या वेळाने सगळं बाहेर पडायचं. मग ती चुलीकडे तोंड करून रडायची आणि म्हणायची, "माझ्याच हाताला काहीतरी झालंय." तिचं पाऊल वाजलं की मी झोपेचं सोंग घ्यायला लागलो. ज्या बाईच्या स्वयंपाकाच्या वासावर मी अख्खं आयुष्य घरी धावत आलो, तिलाच चुकवायला लागलो. या दुखण्याने मला इतकं कधी दुखवलं नव्हतं.

मग ईस्टरला तुझी तियाना बेलग्रेडहून आली. दुखण्यात माणूस असा का झिजतो, तिच्या प्रयोगशाळेत तेच बघतात, हे मला कुठे ठाऊक? मामीचं रडणं बघून तिने तिला शेजारी बसवलं. म्हणाली, "मामी, तुमच्या सुपात काही कमी नाही. मामांच्या पोटातली गाठ आणि तिच्याशी झगडणारं त्यांचं शरीर, दोन्ही मिळून रक्तात काही द्रव्यं सोडतात. ती स्नायूंच्या पेशींना जाऊन चिकटतात आणि आत निरोप देतात, की बांधकाम थांबवा, आहे ते मोडा. पेशी बिचारी ऐकते. स्वतःचीच प्रथिनं सुटी करून देते. तीच द्रव्यं मेंदूत जाऊन भूकही मारतात. खाल्लेलं वाया जात नाही, पण नुसत्या खाण्याने तो निरोप थांबत नाही." मी म्हटलं, म्हणजे कोणीतरी आरा गिरणीत खोटा हुकूम धाडतोय आणि कामगार आपलंच छप्पर उतरवतायत. ती म्हणाली, "अगदी तसंच, मामा. तो हुकूम वाटेत कसा अडवायचा, तेच आम्ही शोधतोय." माझ्या वेळेत जमायचं नाही, हे तिने लपवलं नाही. पोरगी सरळ आहे, तुझ्यावर गेलीय. हे आईला का सांगत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "आईला तुम्हीच सांगून बघा."

म्हणून सांगतोय. त्या दिवसापासून आमच्या घरात घासाची जबरदस्ती संपली. दोन चमचे सूप मागितलं तर दोन चमचे मिळतं, आणि मी खाताना ती माझ्या चमच्याकडे न बघता शेजाऱ्यांच्या कागाळ्या सांगते. आज सकाळी तुझ्या सायीचं बोट चाटलं. छान होती, थोडी खारट. मी पुन्हा तिच्या पावलाची वाट बघायला लागलोय, ताई. एवढं सुख पुरे आहे.

आता पत्राचं खरं कारण सांगतो. मला पुरून आल्यावर सगळे आपल्याच अंगणात जेवायला बसतील. शवपेटीतला माझा चेहरा त्यांनी नुकताच बघितलेला असेल, आणि सुपाचा पहिला चमचा पोटात जायच्या आत कोणीतरी कुजबुजेल, की हिने नवऱ्याला उपाशी मारलं. स्तामेना तोंडातून ब्र काढणार नाही, आणि गावात तोच कबुलीजबाब ठरेल. त्या टेबलाशी बहिणीचा शब्द शेवटचा असतो. तू उभी राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, "माझ्या भावाला स्तामेनाने शेवटपर्यंत प्रेमाने जेवू घातलं." पण तेव्हा ते ऐकायला मी नसेन. म्हणून त्याआधी येत्या रविवारच्या बसने इकडे ये, आणि हेच तिला माझ्यासमोर सांग. मला ते ऐकायचंय.

तुझाच,
वितोमिर