मार कोणत्या दिवशी पडतो

खोडाळा
दि. ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७ वाजून १० मिनिटे

ति. प्रतिभाताईस,
सा. न. वि. वि.

दुकानाचे शटर अर्धे उघडून झेरॉक्सच्या यंत्राला टेकून लिहितो आहे. फोनवर तुझे अर्धे बोलणे डोंगरच खातो, म्हणून पत्र.

तू कळवलेल्या पुण्याच्या परिषदेचा फॉर्म उघडला. विषय डेटा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. निवड झाली तर जूनमध्ये वीस मिनिटे बोलायचे. 'संस्था' या रकान्यात 'झेरॉक्सचे दुकान, खोडाळा बाजार' असे लिहिले. 'शिक्षण'मध्ये बारावी नापास हे दोनदा खोडले, तिसऱ्यांदा तसेच ठेवले.

काय मांडणार ते सांगतो. वीटभट्टीवरून परतलेल्या २१४ माणसांच्या हकीकती मी दोन पावसाळे मोबाईलवर घेतल्या. त्या ऐकून लिहून काढल्या आणि कॉम्प्युटरला शिकवले, की कुठे मजुरी आहे, कुठे आजार, कुठे मार. ७३ हकीकतींत मार निघाला. मला वाटत होते, विटा कमी पडल्या की मारत असतील. तसे नाही. ७३ पैकी ६१ वेळा मार पडला तो माणसाने 'घरी जाऊन येतो' असे विचारल्याच्या दुसऱ्या दिवशी. लग्न, मयत, सण, कारण कोणतेही असो. विचारतो त्या दिवशी मुकादम हसून बघू म्हणतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभे करून मारतो, म्हणजे बाकीचे विचारत नाहीत.

फॉर्ममध्ये एक उदाहरण मागितले आहे. ११८ नंबरची हकीकत देऊ का? ती पोशेऱ्याच्या आपल्या मावसभावाची, फागूदादाची. यंदाही तो भट्टीवरच आहे. नाव, वय, फोन काढून टाकतो. कॉम्प्युटर ज्यावरून शिकलो त्या व्हिडिओत तसेच शिकवले आहे. तरी धाकधूक आहे.

चुकलो तर कान धर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
सुदर्शन


जामसर
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. सुदर्शन यास,
अनेक आशीर्वाद.

बारावी नापास हे इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिणारा अख्ख्या मोखाड्यात तूच. फॉर्म पाठव, घाबरू नकोस. पण तुझा मजकूर म्हणजे ग्रामपंचायतीची नोटीस झाली आहे. नुसत्या आकड्यांनी पुण्याच्या माणसाला काय दिसणार? लिही की त्या माणसाच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. पाड्यावर चार घरं, दारात मोहाचं जोडझाड. माणूस डोळ्यांसमोर येऊ दे.

माझ्या वर्गात भट्टीवरून परत आलेली सहा मुलं आहेत. मधल्या सुट्टीत 'मुकादम-मुकादम' खेळतात. एकानं आडवं पडायचं, एकानं दोरीनं मारायचं, बाकीच्यांनी रांगेत उभं राहून जमिनीकडे बघायचं. काल पडलेल्या पोरीच्या पाठीतून रक्त आलं तरी खेळ थांबेना. मी ओरडले, तर मारणारा मलाच समजावू लागला, की बाई, अजून तिनं पाय धरले नाहीत.

तेव्हा तू बोलायलाच हवंस. जेवत जा. शर्ट मी घेऊन देईन, तुझ्या पसंतीवर सोडलं तर पुन्हा तपकिरी आणशील.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझी ताई


खोडाळा
दि. २१ मार्च २०२५, दुपारी ३ वाजता

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाईट आहे, माफ कर. डाव्या हाताने लिहितो आहे.

सगळ्यांनी वाचून मत द्यावे म्हणून परिषदेने प्रस्ताव १० मार्चला वेबसाइटवर लावले. बारा तारखेला जिव्या मुकादम दुकानात आला. आपल्याकडची माणसे भट्टीवर नेतो तोच. म्हणाला, खोडाळ्याचं नाव पुण्यात काढलंस रे मास्तर, त्या प्रस्तावाच्या दोन प्रती दे की. मी दिल्या. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाला, की मोहाचं झाड झकास लिहिलंयस. मला ते कौतुक वाटले, ताई.

नाव काढले की माणूस लपतो, असे व्हिडिओवाल्याला वाटते. आपल्याकडे नावाने कोण कोणाला ओळखतो? घर झाडावरून, माणूस त्याच्या हातापायांवरून. मी नाव तेवढे काढले आणि फागूदादा सगळाच्या सगळा ठेवला.

चौदा तारखेला, शिमग्याच्या दिवशी, जिव्याने भट्टीवर सगळ्यांना उभे केले. प्रस्तावाचा कागद चैतीवहिनीच्या हातात दिला आणि सरळ धर म्हणाला. नवऱ्याला, फागूदादाला, मारताना तिने तो धरून उभे राहायचे. विटांचा साचा तुटेपर्यंत मारले. जबडा मोडला, दोन बरगड्या गेल्या. मग तो तीन बोटांचा हात तापलेल्या विटेवर दाबला, आणि आता दोन बोटं लिही म्हणावं त्याला, असे जिव्या हसत म्हणाला. वहिनीने रात्रीच त्याला जव्हारला आणले.

पंधराला जिव्याची माणसे माझ्याकडे आली. माझा उजवा हात उंबऱ्यावर ठेवून वरून शटर ओढले. मनगट दोन ठिकाणी मोडले आहे. मोबाईल नेला.

प्रस्ताव मागे घेतो. त्या २१४ हकीकतीही पुसून टाकतो.

तुझ्यासमोर यायला तोंड नाही. तरी आपला म्हण.

सुदर्शन


जामसर
दि. २६ मार्च २०२५

चि. सुदर्शन यास,
आशीर्वाद.

बोटं आणि झाड माझ्या लेखणीतून आली होती. ते ओझं एकटा उचलू नकोस.

काल जव्हारच्या दवाखान्यात जाऊन आले. फागूचा जबडा तारेनं बांधला आहे. चैती त्याला नळीनं पेज देत होती. मी तिचे हात धरून रडले, तर म्हणाली, रडून झालं की ते भांडं धू. तू सगळं पुसून टाकतो आहेस असं सांगितल्यावर मात्र ती भडकली. पुसायला ते काय त्याच्या बापाचं आहे का? मार आम्ही खाल्ला, पुसणार हा!

मग तिनं शांतपणे विचारलं, की मार कोणत्या दिवशी पडतो हे यंत्राला खरंच कळतं का. मी हो म्हणाले. ती म्हणाली, भट्टीवर अजून चौतीस माणसं आहेत. आखातीचा सण, अक्षय तृतीया, तीस एप्रिलला. आठवडाभर आधी सगळे घरी जायचं विचारतील. पुण्याच्या लोकांना तो जूनमध्ये सांगणार होता. आम्हाला कधी सांगणार होता?

याचं उत्तर तूच तिला दे.

हाताला जप. माझा जीव तुझ्यात अडकला आहे.

ताई


खोडाळा
दि. २३ एप्रिल २०२५, रात्री ९ वाजून ४० मिनिटे

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

काही पुसले नाही. हकीकती पुन्हा वाचल्या. विचारणे आणि मार यांच्यामध्ये एक रात्र असते. ती रात्रच ठेवायची नाही, असे वहिनीला सांगितले. सगळ्यांनी एकाच वेळी विचारायचे आणि त्याच पावली निघायचे. तिने पोलिसांत तक्रार दिली. पाण्याला येणाऱ्या बायकांकडून भट्टीवर निरोप पाठवला, की बुधवारी अकरा वाजेपर्यंत कोणी तोंड उघडू नये.

आज अकराला दोन टेम्पो आणि दोन पोलीस घेऊन पोचलो. साचे खाली पडल्याचा आवाज एकदम झाला. जिव्याने पहिली काठी वहिनीच्या डोक्यात घातली. रक्त डोळ्यांत उतरले तरी ती माणसे मोजत एकेकाला वर चढवत होती. मला कानाखाली बसली, अजून त्या कानाने ऐकू येत नाही. जिव्याची माणसे एका म्हातारीला केस धरून उतरवू लागली, तेव्हा बायकांनी ओल्या विटा फेकल्या. मग पोलिसांनी जिव्याला धरले.

तेहतीस आले. फागूदादाचा धाकटा भाऊ देवराम नाही आला. तो दुसऱ्या टोकाला माती खणत होता. निरोप त्याच्यापर्यंत गेला नाही आणि त्याने काल सकाळी एकट्यानेच विचारले होते. आज पहाटे त्याला मारून ट्रकमध्ये टाकले, एवढेच बायकांनी पाहिले. जिव्या सांगत नाही. निरोप प्रत्येकाला मिळाला का, हे मी एकेक नाव घेऊन विचारायला हवे होते.

पुण्याहून निवड झाल्याचे कळवले आहे. वहिनी म्हणते, ती बोलेल, मी फक्त आकडे सांगायचे. ते पुढचे पुढे. उद्या पहाटेच्या गाडीने पोलिसांबरोबर देवरामला शोधायला जातो.

मावशीला विचारून २१५ नंबरवर त्याचे नाव लिहिले आहे, पूर्ण नाव. त्यापुढचा रकाना कोरा आहे. तिथे मार लिहायचे की मयत, ते अजून माहीत नाही.

मावशीकडे जा. ती चुलीपाशी स्वतःची आणि देवरामची, दोघांची भाकरी घेऊन बसली आहे.

तुझा,
सुदर्शन