चादरीचं दुसरं टोक

प्रिय भोपू,

दाढी आली, साहेब झालास, तरी मी तुला भोपूच म्हणणार. तू रडायला लागलास की वरच्या मजल्यावरच्या मावशी खिडक्या लावून घ्यायच्या, हे मी विसरलेले नाही. फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तू मध्येच तोडतोस आणि माझं अर्धं राहून जातं. पत्रात कुणाला मध्ये बोलता येत नाही. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

इथे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण कामाला जाते. हॉस्पिटलच्या धुलाईघरात नवं मशीन आलंय, ते दर थोड्या वेळाने शिट्टी मारतं आणि आमची मुकादमबाई दचकते. चादरींच्या घड्या मात्र अजून हातानेच घालायच्या. ते एकट्याचं काम नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची आणि कोपऱ्याला कोपरा लावत एकमेकांकडे चालत यायचं.

तुला आठवतं का, रोज सकाळी खिडकीपाशी उभी राहून मी म्हणायचे, "देवा, तू सांगशील ते करीन." सात वर्षांचा असताना तू विचारलंस, "मग तो काय सांगतो?" मी म्हटलं, "अजून काही सांगितलं नाही." तू म्हणालास, "मग तुझं बरं आहे." बाबा तेव्हा दात घासत होते. इतके हसले की सगळा फेस आरशावर उडाला. बाबा गेल्यावरही मी ते म्हणायचं सोडलं नाही. खरं सांगू, देव काही सांगेल अशी भीती मला कधी वाटलीच नव्हती.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक नवा माणूस लागला. पन्नाशीचा, पाय जरा ओढत चालणारा. पोटाशी हात बांधून तो दारात उभा राहिला आणि मी ओळखलं. कोर्टात प्रत्येक तारखेला तो तसाच उभा असायचा. बाबांना उडवलं तो ट्रकवाला. शिक्षा भोगून आला होता. त्यानेही मला ओळखलं. संध्याकाळी मुकादमबाईकडे जाऊन त्याने दुसरी पाळी मागितली, पण ती मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. माझ्या बाजूने म्हणून कुणीच त्याच्या चादरीचं दुसरं टोक धरेना. तो एकटाच, एक कड हनुवटीखाली दाबून घड्या घालायचा. चादर जमिनीला लागायची आणि पुन्हा धुवायला जायची. आठ दिवस मी हे बघत राहिले. गोड लागत होतं, खोटं का बोलू. मग मुकादमबाई म्हणाली, "शनिवारपर्यंत बघते, नाहीतर घरी बसवते."

शनिवारी सकाळी खिडकीपाशी उभी राहिले आणि ते वाक्य अर्ध्यावरच सोडलं. देवाने काय सांगितलंय ते मला आठ दिवस ठाऊक होतं. कामावर गेले, हातमोजे घातले आणि त्याच्या समोर जाऊन चादरीचं टोक उचललं. "कोपरा सरळ धरा," एवढंच बोलले. मनातला राग जागचा हलला नव्हता. हात तेवढे पुढे गेले होते. त्या दिवशी आम्ही दोघांनी दोनशे दहा चादरींच्या घड्या घातल्या आणि घरी येऊन मी आडवी झाले.

राग गेला तो फार हळू, आणि सगळा गेला असंही नाही. पण पावसाळ्यात एकदा घडी घालता घालता तोच म्हणाला, "ताई, मी कोर्टात खोटं बोललो. ते रस्त्याच्या मध्ये आले नव्हते. कडेनेच चालले होते. मला डुलकी लागली होती." मी चादर तशीच धरून उभी राहिले. इतकी वर्षं लोक म्हणत होते, तुझ्या वडिलांचंच लक्ष नव्हतं. तूही एकदा तसं म्हणाला होतास आणि मग दोन दिवस जेवला नव्हतास. बाबा कडेनेच चालले होते रे.

पुढच्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलंय. तीनदा नाही म्हणाला, चौथ्यांदा हो म्हणाला. त्याच दुपारी तू पोचणार आहेस. दार उघडल्यावर समोर तो दिसला असं तुझ्या बाबतीत होऊ नये, म्हणून हे आधी लिहितेय. त्याला माफ कर असं मी म्हणत नाही. ते मी तुझ्या वतीने करू शकत नाही, मला तो अधिकारही नाही. तुला त्याच्यासोबत बसवणार नसेल तर आत तुझ्या खोलीत जेव, मी ताट आणून देईन. त्याच्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण बाळा, तिकीट बदलू नकोस.

तुझीच, आणि हे वाचून रागावलास तरी तुझीच,
आई